टेलव्हील शिकायला जाताय? सुपर कबवरचे माझे नऊ तास

मी इथे अमेरिकेत नोकरी सांभाळून सेसना १७२ वर (छोटं विमान, तिसरं चाक नाकाखाली) प्रायव्हेट लायसन्स काढलं, ११० तास झाले, आणि मग डोक्यात आलं की ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) दोरीने ओढून वर न्यायचं काम करावं. त्याला १०० तास पीआयसी (म्हणजे विमानाचा कप्तान म्हणून) लागतात, पगार घ्यायचा तर कमर्शियल लायसन्स हवं, पण प्रायव्हेटवाला फुकट ओढून लॉगबुकात तास लिहू शकतो. म्हणजे पेट्रोल ग्लायडर क्लबचं आणि तास आपले! अडचण एकच, क्लबकडे होतं पायपर सुपर कब, शेपटीला चाक असलेलं (टेलव्हील), आणि त्यासाठी वेगळं एन्डॉर्समेंट, म्हणजे लॉगबुकात इन्स्ट्रक्टरची सही, लागतं (१५ एप्रिल १९९१ च्या आधी ज्यांनी टेलव्हीलवर पीआयसी तास लिहिलेत ते सुटले, आपण नाही).

सुपर कब १९४९ चं डिझाइन. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वर कापड, टिचकी मारली तर डफासारखं वाजतं. दोन सीट एकामागे एक. ट्रिम (नाक हवं तिथे टिकवून ठेवतं ते) डाव्या भिंतीवर, जुन्या गाडीच्या काचेच्या हँडलसारखं फिरवायचं, फ्लॅप (उतरताना पंखामागे खाली येणाऱ्या झडपा) म्हणजे हँडब्रेकसारखा दांडा, आणि पेट्रोल किती उरलंय ते पंखाच्या मुळाशी असलेल्या काचेच्या नळीत बघायचं. काही ठिकाणी हे अजून बर्फावर, नदीकाठच्या गोट्यांवर उतरवतात, इतकं दणकट.

हवेत काही अवघड नाही. अवघड आहे ते जमिनीवर. वजनाचा मध्य मेन चाकांच्या (पुढच्या दोन मोठ्या चाकांच्या) मागे, त्यामुळे शेपटी जरा बाजूला गेली की आणखी जायला बघते. मॉलमधली ट्रॉली उलटी ढकलून बघा एकदा, लगेच कळेल. हेच वाढत गेलं की ग्राउंड लूप, म्हणजे विमान जमिनीवरच गरकन फिरतं, आणि मग पंख घासू शकतो.

माझं झालं ते तिसऱ्या तासाला. लँडिंग मस्त झालं, तीनही चाकं एकदम टेकली, मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली आणि पेडलवरचे (विमान डावी-उजवीकडे वळवतात ते) पाय सैल सोडले. विमान हळूच डावीकडे वळायला लागलं, मी उजवा पेडल दाबला तो उशिरा आणि जास्त, मग ते उजवीकडे, मग परत डावा, आणि शेवटी आम्ही गवतात. काही मोडलं नाही. मागच्या सीटवरचा इन्स्ट्रक्टर, त्याला माझ्या डोक्यापलीकडे काही दिसतही नव्हतं, शांतपणे म्हणाला, "आता पार्किंगपर्यंत नाच." म्हणजे काय तर पेडलवर सतत छोटे छोटे ठोके, डावा उजवा डावा, विमान वळायच्या आधीच. १७२ मध्ये माझे पाय नुसते प्रवासी होते हे तेव्हा कळलं.

टेकऑफला पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतंच, आणि स्टिक (हातातला कंट्रोलचा दांडा) पुढे करून शेपटी उचलली की त्या क्षणाला अजून एक झटका डावीकडेच, प्रोपेलरच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे (फिरता भोवरा कलवला की बाजूला ओढतो तसं). उजवा पाय आधीच तयार ठेवा. टॅक्सी करताना वारा समोरून असेल तर स्टिक मागे, मागून असेल तर पुढे. हे मी घरी खुर्चीत बसून झाडू हातात धरून पाठ केलं, बायको हसली, पण उपयोग झाला.

एन्डॉर्समेंटला ठराविक तास नाहीत. साधे आणि क्रॉसविंड (वारा बाजूने असताना) टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (आधी फक्त मेन चाकं टेकवायची, शेपटी वर) आणि गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) इन्स्ट्रक्टरला पटले की सही. मला नऊ तास लागले, कोणाला पाचात जमतं. व्हील लँडिंगला सगळ्यात वेळ गेला, कारण चाकं टेकल्यावर स्टिक पुढे करायची हे मनाला पटतच नाही.

पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न नक्की विचारा: सही झाल्यावर हे विमान एकट्याला भाड्याने मिळेल का? बऱ्याच ठिकाणी इन्शुरन्समुळे मिळत नाही, आणि ते आपल्याला शेवटच्या दिवशी सांगतात. मी शिकलो त्या शाळेत मला असंच कळलं. ग्लायडर क्लबचं आधीच ठरलं होतं म्हणून बरं, नाहीतर लॉगबुकात नुसती सही घेऊन बसलो असतो. आता शनिवारी सकाळी आठला तिथे जातो, दोरी लावतो, आणि उतरल्यावर विमान जागेवर दोराने बांधून होईपर्यंत पाय हलवत राहतो.