सकाळ योगाची, संध्याकाळ वाइनची: नाशिकच्या मळ्यात दोन रात्री राहायला जाताना

मैत्रिणींनी मिळून द्राक्षमळ्यात राहायला जायचं ठरलं की ग्रुपवर आधी कपड्यांची चर्चा सुरू होते. माझ्या यादीत सगळ्यात वर घड्याळ आहे. योगाला पोट रिकामं लागतं, वाइनला पोटात काहीतरी असावं लागतं आणि चांगल्या जेवणाला कडकडून भूक लागते. या तिघांचा क्रम नीट लावला तर दोन दिवसांत माणूस टवटवीत होऊन परततो. क्रम चुकला तर तिन्ही वाया जातात. आमचा पहिल्या वर्षी चुकला होता. सकाळी सगळ्या उशिरा उठलो, "योग नंतर करू" म्हणत नाश्ताही हलकाच घेतला आणि भर दुपारी बारा वाजता टेस्टिंगला जाऊन बसलो. तिसऱ्या पेल्याला आमच्यातल्या एकीला भोवळ आली. तिला सावलीत आडवी करून, लिंबूपाणी पाजून, तिचा हात धरून आम्ही तासभर बसून होतो. संध्याकाळी सतरंज्या पसरल्या, पण वृक्षासनात एकीचाही तोल टिकेना. तेव्हापासून आमचा नियम पक्का आहे: उजाडताना आसनं, मग पोटभर न्याहारी, दुपारी आराम, उन्हं उतरल्यावर वाइन आणि त्या वाइनसोबतच जेवण. पुढची सगळी तयारी या एका नियमाभोवती करायची.

तारीख जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची धरा. नाशिकच्या द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. फळ धरतं ते या दुसऱ्या छाटणीवर, म्हणून युरोपात ऐन सप्टेंबरात होणारी वाइनच्या द्राक्षांची तोडणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये येते. याच दिवसांत मळ्यात घड लटकलेले दिसतात, वायनरीत ट्रॅक्टर येत असतात आणि हवेला आंबूसगोड वास असतो. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात हे खरं, पण पाहायला नुसती पानंच असतात. तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडर उघडून तीन गोष्टी बघा. २६ जानेवारीला ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असते. निवडणुका असतील तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही ती बंद असते. आणि एकादशी-संकष्टी शनिवार-रविवारी येत नाही ना, हेही पाहा. उपास करणारी मैत्रीण दोन दिवस बाकीच्यांच्या ताटाकडे बघत बसली, असं व्हायला नको. २०२७ हे सिंहस्थाचं वर्ष आहे. त्या काळात जायचं असेल तर स्नानाच्या तारखा आधी तपासा, कारण त्या दिवसांत नाशिकमध्ये मुंगीला शिरायला जागा नसते.

किती जणी हव्यात? सहा ते आठ. त्याहून जास्त झाल्या की दोन गट पडतात आणि एका मेजावर जेवण होत नाही. जाण्याआधी प्रत्येकीला स्वतंत्र फोन करा, ग्रुपवर विचारू नका. कोणाचं बीपी वाढलेलं आहे, कोणाला काचबिंदू आहे, कोणाची कंबर धरलेली आहे, कोणाला गोळ्या चालू आहेत, हे चार लोकांत कोणी सांगत नाही. काचबिंदू किंवा वाढलेलं बीपी असेल तर शीर्षासन-सर्वांगासनासारखी उलटी आसनं करायची नाहीत, सायटिका किंवा मणक्याची चकती सरकलेली असेल तर पुढे वाकणं टाळायचं. योग घेणाऱ्या मैत्रिणीला हे आदल्या दिवशीच ठाऊक हवं. रोजच्या गोळ्यांसोबत वाइन चालते का, हे जिने तिने आपल्या डॉक्टरांना विचारून यायचं. वाइन न घेणारी एखादी मैत्रीण असतेच. तिला "थोडीशी तर घे" असं एकदाही म्हणायचं नाही, आणि तिच्यासाठी ताज्या द्राक्षांचा रस किंवा सोलकढी तशाच उंच दांडीच्या पेल्यात, तितक्याच प्रेमाने भरायची. कोणी मोठ्या मुलीला घेऊन येणार असेल तर महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात, हे आधीच सांगून ठेवा.

राहण्यासाठी गंगापूर धरणाच्या बाजूचा परिसर किंवा दिंडोरीकडचे मळे, दोन्ही चांगले. २००० साली सुला या इथल्या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली आणि त्यानंतर या पट्ट्याचं रूपच बदललं. आता छोट्या-मोठ्या वायनऱ्या आणि मळ्यातली घरं पुष्कळ आहेत. जागेचे फोटो सगळेच सुंदर असतात, म्हणून फोन करून विचारा. पूर्वेला उघडणारी, वर छप्पर असलेली सपाट पडवी आहे का? गरम पाणी पहाटे साडेपाचला मिळतं का? स्वयंपाक घरची माणसं करतात की बाहेरून डबे येतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारी लग्नाचं लॉन आहे का? जानेवारी-फेब्रुवारी हे लग्नसराईचे दिवस. शहरालगतच्या लॉनवर रात्री डीजे लागला की मळ्यातली शांतता तिथेच संपते. रात्रीच्या फेरफटक्याबद्दलही मालकांना विचारा. दिंडोरी-निफाडकडे उसात आणि बागांत बिबट्याचा वावर असतो. अंधारात एकटीदुकटीने बांधावर जायचं नाही, जायचंच तर गडीमाणूस आणि बॅटरी सोबत घेऊन.

प्रवासाचं फार मनावर घेऊ नका. मुंबईकरणींसाठी शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस सोयीची, नाशिकरोडला उतरायचं आणि आधी ठरवलेल्या गाडीने मळा गाठायचा. स्वतःच्या गाडीने यायचं असेल तर जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो. पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आहे. चाकणच्या गर्दीत अडकायचं नसेल तर दुपारीच निघा. शनिवारसाठी मात्र स्थानिक चालकासह गाडी ठरवाच. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, पण ते मोजमाप आपल्याला करायचंच नाही: ज्या दिवशी वाइन, त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही स्टिअरिंगला हात लावत नाही. चालकाच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय आपणच बघायची, हेही यादीत लिहा.

आता सामान. थंडीला कमी लेखू नका. जानेवारीत नाशिकचा पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास असतो, निफाडकडे त्याहूनही खाली उतरतो, आणि मळ्यात पाणी दिलेलं असलं तर गारवा जमिनीतूनच वर येतो. नुसती योगामॅट पुरत नाही. खाली जाड सतरंजी, वर मॅट, आणि शवासनात अंगावर घ्यायला शाल किंवा घरची गोधडी. मागच्या वर्षी एकीने आईच्या जुन्या नऊवारींची गोधडी आणली होती. आसनं झाल्यावर आम्ही डोळे मिटून पडलो, तेव्हा सूर्य नुकताच मांडवाच्या तारांवर आला होता. सव्वासातची वेळ असेल. तारेवरून दवाचा एक एक थेंब पडत होता. गोधडी पायांवर आली आणि थंडीने आखडलेली बोटं आपोआप सुटली. तिथे कोणी काही बोललं नाही, पण परत निघाल्यावर प्रत्येकीने त्या गोधडीची आठवण काढली. तेव्हा गोधडी आणाच. सोबत पायमोजे, कानटोपी, दव पुसायला एक जुना टॉवेल, घोट्याला घट्ट बसणारी सैल पायजमा-सलवार. दुपारी ऊन तापतं, त्यासाठी टोपी आणि सुती कपडे. मळ्यात चालायला बंद बूट, कारण ठिबकच्या नळ्या पायात येतात. संध्याकाळी नेसायला एक छान साडी जरूर घ्या, पण अत्तर मात्र घरी ठेवा. मेजावर कोणी अत्तर लावून बसलं की वाइनचा वास कोणालाच लागत नाही.

योगाचा कार्यक्रम साधाच ठेवा. दहा मिनिटं सांधे मोकळे करणं, मग सूर्यनमस्कार, प्रत्येकीने आपापल्या दमाने, मग चार-पाच आसनं, प्राणायाम आणि भरपूर शवासन. सव्वा तास खूप झाला. रात्रीचं जेवण आणि सकाळची आसनं यांत भरपूर अंतर हवं, म्हणून शनिवारी रात्री साडेनऊला ताटं उचललीच पाहिजेत. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत मिताहार सांगितलाय: पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवायचं. मला हा सल्ला वाइनच्या मेजावरही तितकाच पटतो.

जेवणाची आखणी यजमानांशी आठवडाभर आधी बोलून करा. शनिवारी न्याहारीला मिसळ हवीच. नाशिकला येऊन मिसळ न खाणं मला पटत नाही. पण ती आसनांनंतर तासाभराने, आणि रस्सा वेगळा मागून घ्यायचा, म्हणजे तिखट न सोसणारीलाही मटकी-पापड-दह्यावर भागवता येतं. दुपारी पिठलं-भाकरी, ठेचा, ताक असं हलकं. जवळ ज्वारी असेल आणि कणसं कोवळी असतील तर चारच्या सुमारास हुरडा भाजून मिळेल का ते विचारा. गरम दाण्यांसोबत लसणाची चटणी आणि गूळ. रात्री शेगडीवर भाजलेल्या वांग्यांचं खानदेशी पद्धतीचं भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, खाणाऱ्यांसाठी सुकं मटण.

या जेवणाला वाइन कोणती? इथे थोडं थांबून विचार करा, कारण बहुतेक जणी लाल वाइन म्हणजे भारी असं धरून चालतात. तुरट लाल वाइन आणि झणझणीत ठेचा एकत्र आले की तिखट जिभेवर पेटतं आणि वाइन कडू लागते. तिखटाला किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन द्या. भजी, साबुदाणावडे, तळणीचं काही असेल तर फसफसणारी स्पार्कलिंग. ती तेलकटपणा धुऊन काढते. कोथिंबिरीच्या हिरव्या चटणीला सोविन्यों ब्लां ही दुसरी पांढरी वाइन जवळची, तिच्यातही तसाच हिरवा वास असतो. शिराज ही लाल वाइन भरितासाठी राखून ठेवा. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि शिराजमधला मिऱ्यासारखा तिखटपणा एकमेकांना ओळखतात. पांढरी वाइन आठ-दहा अंशांना थंड, लाल सोळा-अठरा अंशांना. आपल्याकडे दुपारी खोलीतलं तापमान त्याहून बरंच जास्त असतं, म्हणून लाल बाटलीही प्यायच्या आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला यजमानांना सांगा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच पेले होतात. सहा जणींना संपूर्ण संध्याकाळसाठी तीन बाटल्या पुष्कळ झाल्या, आणि प्रत्येक पेल्याबरोबर तेवढंच पाणी.

टेस्टिंगची वेळ शनिवारी साडेचार-पाचची घ्या आणि आधी मळ्यातून फेरी मागा. घड स्वतःहून तोडू नका, फवारणी कधी झाली ते बागेतल्या माणसालाच माहीत असतं. त्याने दिला तर एक मणी जरूर खा. वाइनचं द्राक्ष आपल्या नेहमीच्या थॉमसनसारखं लांबट, बिनबियांचं नसतं. हरभऱ्याहून थोडा मोठा, गोल, जाड सालीचा मणी. दातांखाली आला की आधी इतका गोड लागतो की खाण्याच्या द्राक्षाचा विसर पडतो. मग साल चावावी लागते, बी फुटते आणि हिरड्या तुरट होऊन आवळतात. तो तुरटपणा लक्षात ठेवून पेला तोंडाला लावा. लाल वाइनमध्ये नेमकं काय उतरलंय हे मग कोणी समजावून सांगावं लागत नाही. दोन घोटांच्या मध्ये थुंकदाणी वापरायला लाजू नका, ती त्यासाठीच ठेवलेली असते.

रविवारी सकाळी पुन्हा आसनं, न्याहारी, आणि त्यानंतर काहीही ठरवायचं नाही. कोणीतरी नक्की म्हणेल, इतक्या जवळ आलोय तर त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊ. मी दर वेळी नको म्हणते. रविवारच्या रांगेत घाईघाईने, परतीच्या गाडीकडे डोळा ठेवून दर्शन घेणं देवाच्याही आणि आपल्याही वाट्याला कमीच येतं. त्र्यंबकला वेगळं, सवडीने जावं. हे रिकामे चार तासच मला सगळ्यात मोलाचे वाटतात. कोणी झोपतं, कोणी धरणाच्या पाण्याकडे बघत बसतं. दोन वर्षांपूर्वी याच वेळेत एका मैत्रिणीने आईच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा मनातलं सगळं सांगितलं.

निघताना हिशेब मिटवायला थोडी रोख रक्कम जवळ असू द्या, मळ्यात कधी कधी नेटवर्क मिळत नाही. विकत घेतलेल्या बाटल्या उन्हात तापणाऱ्या डिकीत तशाच ठेवू नका. गोधडीत गुंडाळून, पायांशी, सावलीत ठेवा. त्या उघडायचा दिवसही परतीच्या वाटेवरच ठरवून टाका: कोणाच्या घरी जमायचं, आणि भरितासाठी जळगावची वांगी कोणी आणायची.