बाईच्या मापाचं फर्निचर करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नवं घर बांधलं की मेस्त्रीशी बोलतो घरचा पुरुष आणि ओट्यापाशी उभी राहते बाई. निम्म्या चुका इथंच होतात.

ओटा सरसकट ३४-३६ इंच उंच घेऊ नका. पाच फुटांच्या बाईला त्यावर कणीक मळताना खांदे उचलावे लागतात. तिला उभं करा, कोपर दुमडून जमिनीपासून माप घ्या आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. बहुतेकदा ३२-३३ येतं. ओटा आधीच झाला असेल तर फोडाफोड नको. ट्रॉलीच्या वरच्या खणात ३० इंचांवर बाहेर ओढायची जाड फळी बसवून घ्या, परात तिच्यावर राहील.

सोफा २२-२४ इंच खोल असला की पाठ टेकली तर पाय लोंबतात, पाय टेकले तर पाठ अधांतरी. मागे चार इंचांचा घट्ट लोड ठेवा. लाकडी पाय असतील तर इंच-दीड इंच कापूनही घेता येतात. घरात नऊवारी नेसून मांडी घालून बसणारी आजी असेल, तर हात नसलेला रुंद दिवाण केव्हाही बरा.

वारसा म्हणून दारावर पैठणीचा मोर चिकटवायची फॅशन आलीय. पैठणी कुठली, आपण कुठले! इकडच्या बायकांच्या कपाटात इरकल असते, शहापूरची साडी असते. इरकलीचा रेशमी पदर साडीच्या अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, फासे घालून जोडलेला असतो. ती हँगरवर वर्षानुवर्षं एकाच घडीवर टांगली की तिथं विरते. तिला आडवे खण हवेत: १४-१५ इंच खोल, दोन खणांत दहा इंच अंतर. २४ इंच खोल खणात मागची चळत दिवाळीलाच दिसते.

जुनी फणेरपेटी माळ्यावर टाकू नका. झाकण उघडलं की आतला आरसा तिरका उभा राहतो, खाली कुंकवाचा करंडा, कुंकवाखाली लावायचं मेण, फणी यांचे कप्पे. पाटावर बसून वेणी घालणारीसाठी याहून नेटका ड्रेसिंग टेबल कुठल्याही शोरूममध्ये नाही. नवा करायचाच तर हीच मांडणी मेस्त्रीला दाखवा. एका ड्रॉवरला कुलूप मात्र हवंच आणि किल्ली तिच्याचकडे.

खानापूरकडच्या पावसात लाकूड फुगून ड्रॉवर अडकला, तर लगेच रंधा मारू नका. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की फट पडते. कडांना मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा. तेव्हाही अडकत असेल तर मग मेस्त्रीला बोलवा.