कूलरच्या घरात स्मोक अलार्म

दुकानात नुसता 'स्मोक डिटेक्टर' मागितला की पुष्कळदा ऑफिसातल्या फायर अलार्म पॅनेलला जोडायचा, 24 व्होल्टचा डिटेक्टर हातात पडतो. त्यात ना बॅटरी असते, ना भोंगा. घरासाठी दोन्ही आतच असलेला अलार्म घ्या, तोही फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारा. गादी किंवा सोफा धुमसत असेल तर तो आयोनायझेशनवाल्याच्या (किंचित किरणोत्सर्गी पदार्थाने धूर ओळखणाऱ्या दुसऱ्या प्रकाराच्या) आधी वाजतो आणि फोडणीवर कमी चिडतो. मागे ईएन 14604 किंवा यूएल 217 या घरगुती अलार्मच्या मानकाचा क्रमांक छापलेला असावा.

प्रत्येक बेडरूममध्ये एक, बाहेरच्या पॅसेजमध्ये एक, आणि वर मजला असेल तर तिथेही एक. छतावर लावताना भिंतीपासून 10 सेंमी सोडा. भिंतीवर लावायचा तर छताखाली 10 ते 30 सेंमी. पंख्याच्या पात्यांपासून 90 सेंमी आणि गॅसच्या शेगडीपासून 3 मीटर लांब. सावजी मसाला भाजायचा असेल तर त्याहून लांब बरा.

नागपुरात खरी अडचण कूलरची. झोत थेट अलार्मवर आला तर धूर तिथवर पोचतच नाही, वरून दमट हवेने खोटा अलार्म वाजतो. म्हणून कूलरच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. कूलरची हवा ज्या दाराने बाहेर पडते, त्याच वाटेने धूरही जातो. पॅसेजमधला अलार्म त्या दाराजवळ असू द्या. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात तापलेल्या हवेचा थर साचतो आणि धूर त्याच्या खालीच अडतो. तिथे अलार्म भिंतीवरच हवा. खोक्यावरचं कमाल तापमानही वाचा, काहींवर 38 अंशच असतं.

स्लॅबमध्ये 6 मिमीच्या बिटने भोक पाडा, गट्टी ठोका, 35 मिमीचे स्क्रू आवळा. पंखा ते स्विचबोर्ड या रेषेत ड्रिल नको, आत वायरचा पाइप असतो. भोकातली धूळ झटकेपर्यंत अलार्म पिशवीतून काढू नका. तीच धूळ आत शिरून नंतर उगाच वाजवते.

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण भोंगा वाजेपर्यंत दाबा. 9 व्होल्टची बॅटरी अल्कलाइन घ्या आणि वर्षाला बदला. मिनिटाला एखादी 'टिक' ऐकू आली तर बॅटरी उतरली समजा. ही टिक बहुधा पहाटे सुरू होते, कारण गारव्यात बॅटरीचा व्होल्टेज आणखी पडतो. झोपमोड झाली म्हणून बॅटरी काढून ठेवली की ती तशीच राहते.

पावसाळ्यात बारीक किडे जाळीतून शिरतात, तेव्हा व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने जाळी साफ करा. पाणी किंवा स्प्रे नको. दिवाळीच्या रंगकामाआधी अलार्म उतरवा, त्याच्यावर रंग लागता कामा नये. मागची उत्पादन तारीख मार्करने कडेला ठळक लिहून ठेवा. 10 वर्षं झाली की टेस्टला वाजत असला तरी नवा आणा. बटणाने भोंगा तपासला जातो, आतला सेन्सर किती मंदावला ते कळत नाही.