पैशांच्या व्यवहारांतून गणित शिकवताना या चुका टाळा

कापूस वेचणीचा हंगाम आला की विदर्भातल्या गावांत पाचवी-सहावीची मुलं आईच्या मजुरीचा हिशोब तोंडी करतात. ३८ किलो वेचले, किलोला १२ रुपये. "दहानं तीनशे ऐंशी, दोननं शहात्तर, झाले चारशे छप्पन." त्याच मुलाला फळ्यावर ३८ × १२ मांडायला लावा. दुसऱ्या ओळीत शून्य ठेवायचं राहतं, ७६ आणि ३८ ची बेरीज होते आणि उत्तर येतं ११४. ते चुकलंय असं त्याला वाटतही नाही, कारण फळ्यावरच्या आकड्यांचा आईच्या मजुरीशी काही संबंध आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. तो करणाऱ्यांत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. बाजारातले अवघड हिशोब तोंडी करणारी मुलं शाळेतल्या साध्या गणितांत अडखळत होती, आणि शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशोबात. म्हणजे गणितात रुपये घातले की काम झालं असं नाही.

तोंडी रीत खोडून काढणं

मुलानं बरोबर उत्तर सांगितलं तरी "पायऱ्या कुठे आहेत?" म्हणून गुण कापणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्यापेक्षा तो बोलतो तसंच फळ्यावर लिहा: ३८० आणि ७६. शेजारी उभा गुणाकार मांडा. तेच ७६ आणि तेच ३८० तिथे दिसतात. दुसऱ्या ओळीतलं शून्य का असतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. सुट्ट्या पैशांचंही तसंच. ८७ रुपयांचा माल आणि १०० ची नोट असली की मुलगी ८७ वरून ९०, ९० वरून १०० अशी चढत जाते. ती वजाबाकीच आहे, तिला मान द्या.

कुणालाच न पटणारे भाव

'कापूस २० रुपये किलो' असं गणित दिलं की शेतकऱ्याची मुलं समजतात की हे खोटं आहे. मग उत्तर पटण्यासारखं आहे का, हे तपासणंही सोडून देतात. खरे भाव घ्या. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे किलोला ८१.१० रुपये. बाजारात प्रत्यक्ष काय मिळालं, ते मुलंच सांगतील.

दशांश चिन्हाला रुपये-पैशांची भिंत समजणं

८१.१ हे 'एक्क्याऐंशी रुपये एक पैसा' असं वाचलं जातं. २.५ आणि २.०५० यांत मोठं कोणतं विचारलं तर '२.०५०, कारण पाचपेक्षा पन्नास मोठे'. रुपये-पैशांतून दशांश शिकवला की मुलं चिन्हाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या संख्या समजतात. त्यातून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मध्येच चलनातून गेली, त्यामुळे पैसा म्हणजे काय हे या मुलांनी हातात घेऊन पाहिलेलं नाही.

इथे आधी काटा वापरा. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा तीन दशांश स्थळं दाखवतो. १०० ग्रॅमचं वजन ठेवा, ०.१०० दिसेल. ५० ग्रॅम ठेवा, ०.०५० दिसेल. अर्धा किलो साखर ठेवली की ०.५००. पाच मोठे की पन्नास, हा वाद काट्यावरच मिटतो. पैशांकडे त्यानंतर या.

शेकडा आणि टक्का यांची गल्लत

सातवीच्या सरळव्याजाच्या धड्यात दर वर्षाचा असतो. गावात मात्र "बचत गटात तं महिन्याले दोन रुपये शेकडा लागते." ५,००० रुपये सहा महिन्यांसाठी घेतले आणि मुलानं दर २, मुदत अर्धं वर्ष धरली, तर व्याज येतं ५० रुपये. घरी विचारलं तर ६००. मुलाला वाटतं, एक तर पुस्तक चुकीचं किंवा आई. पहिला प्रश्न नेहमी 'दर कशाचा, महिन्याचा की वर्षाचा?' हाच ठेवा. महिन्याला दोन रुपये म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे मुलांनी स्वतः काढलं पाहिजे.

मग पुढची पायरी. ५,००० घेऊन दरमहा १,००० परत केले आणि व्याज उरलेल्या रकमेवर लागलं, तर १००, ८०, ६०, ४०, २० मिळून ३०० रुपयेच होतात. व्याज उरलेल्या रकमेवर घ्यायचं की मूळ रकमेवर, यावर वर्गात भांडण झालं तर होऊ द्या. हे गणित मोठेपणी त्यांच्या फार कामी येणार आहे.

आनंद मेळाव्यातला फुकटचा नफा

भज्यांचा स्टॉल, विक्री ४५० रुपये, आणि फळ्यावर 'नफा ४५०'. बेसन, तेल घरून आलं म्हणून त्यांची किंमत शून्य! मेळाव्याआधीच चिठ्ठी करायला लावा: बेसन १००, तेल ७५, कांदे ३०, मिरची-कोथिंबीर-मीठ २०, कागद १५. झाले २४०. गॅसचं काय? १४.२ किलोचं सिलिंडर घरी किती दिवस पुरतं, त्यावरून तासाभराचा खर्च मुलांनीच ठरवावा. २० रुपये धरले तर खर्च २६०, नफा १९०. शेकडा नफा खर्चावर काढायचा, विक्रीवर नाही, हे इथे कळतं.

शेवटी आईच्या दोन तासांच्या मेहनतीचं विचारा. हमीभावाची शिफारस करताना कृषी मूल्य आयोग घरच्या माणसांच्या राबण्याची किंमतही खर्चात धरतो. मग आपण भज्यांत का धरू नये?

मुलाच्या घरचं कर्ज वर्गात आणणं

हे कधीच करू नका. 'तुमच्याकडे किती कर्ज आहे?', 'बाबांचं पासबुक आणा', असं म्हणू नका. आपल्या भागात काही घरांत कर्जापायी माणूस गेलेला असतो, आणि ते मूल पहिल्या बाकावर बसलेलं असतं. वर्गाचं एक काल्पनिक कुटुंब ठरवा. त्याची शेती किती, खत-बियाणं किती, उधारी किती, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. बोलता बोलता एखादं मूल गप्प झालं, तर त्याला उठवून उत्तर विचारू नका.

व्यवहारावरच थांबणं

"परीक्षेत हे येते का?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. सातवीत सरळव्याज, आठवीत सूट, कमिशन आणि चक्रवाढ व्याज, नववीत आर्थिक नियोजन, दहावीत जीएसटी आणि शेअर्स. सगळं पुस्तकात आहे, पण पुस्तकाच्या भाषेत. म्हणून बचत गटाचं गणित झालं की त्याच तासाला आकडे तेच ठेवून पुस्तकाच्या शब्दांत पुन्हा द्या: मुद्दल, दर, मुदत. तिसऱ्या गणितात आकडेही बदला. चौथ्यात रुपये काढून टाका, फक्त संख्या ठेवा. मूल जिथे अडेल, तिथून एक पायरी मागे या आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा.