दमट हवेत अडकलेली कोड्याची पेटी

सागाची कोड्याची पेटी बनवली होती. आधी बाजूची पट्टी खाली सरकवायची, मग झाकण थोडं उजवीकडे, पुन्हा पट्टी, आणि मग झाकण पूर्ण उघडतं. कोरड्या दिवसांत सुरेख चालली. हवा दमट झाली आणि पहिली पट्टीच हलेना. आतली खुंटी तुटली असणार असं वाटून हातोडी उचलली होती. ठोकली नाही ते फार बरं झालं.

पेटी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवली. सहाव्या दिवशी पट्टी बोटाने सरकली. म्हणजे यंत्रणा ठीक होती, लाकूड फुगलं होतं. लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. माझी पट्टी ८० मिलिमीटर रुंद, रेषा ती सरकते त्या खाचेला समांतर, आणि मोकळी जागा जेमतेम पाव मिलिमीटर. मला घट्ट बसणारं काम आवडतं, तिथेच चुकलं.

खाचेच्या भिंतींना पेन्सिल घासली, पट्टी दोन-चारदा सरकवली. जिथे काळे डाग उमटले तेवढ्याच कडा पॉलिश पेपरने हळूहळू घासल्या. एकदम रंधा मारला तर पट्टी खडखडते आणि तिचं गुपित कानालाच कळतं. एकूण एक मिलिमीटर जागा ठेवली. कड खाचेत झाकलेली असल्याने फट दिसत नाही. शेवटी मेण चोळलं. तेल नको, त्यात धूळ चिकटते.

पुढच्या दमट दिवसांत पट्टी किंचित जड झाली, पण अडली नाही.