मुख्याध्यापकांनो, लाल पेन जरा जपून: या चुका टाळा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका हायस्कुलात मी आठ वर्षं मुख्याध्यापक होतो. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमच्या एक बाई सत्तरी तालुक्यातून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने यायच्या. जुलैतल्या एका सकाळी बस उशिरा आली. प्रार्थना संपल्यावर बाई ठिबकती छत्री घेऊन ऑफिसात आल्या. मी एक शब्द न बोलता मस्टर ओढलं आणि त्यांच्या नावापुढे लाल खूण केली. त्यानंतर त्यांना कधी उशीर झाला नाही, पण शेवटच्या घंटेनंतर त्या एक मिनिटही थांबेनात. विज्ञान प्रदर्शनाची मुलं त्यांची वाट बघून घरी जायची. मी स्वतः मात्र आठवड्यातून दोनदा 'पर्वरीत (शिक्षण खात्यात) काम आहे' म्हणून अकरालाच निघायचो. स्टाफरूमने ते बरोबर मोजलं होतं.

आधी बाजूला घेऊन विचारा. पहिला तास दुसऱ्या कुणाला देता येतो; टाइमटेबल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तरीही उशीर होतच राहिला, तर मग लेखी मेमो द्या.

पाठनिरीक्षणाचंही तेच. दारात पाच मिनिटं उभं राहून लॉगबुकात 'फलकलेखन सुधारावे' लिहायचं, किंवा मुलांदेखत चूक काढायची. ज्याचा असा पाणउतारा होतो, तो शिक्षक पुढे नवं काही करून बघत नाही, नोट्स लिहून देतो. मागच्या बाकावर पूर्ण तास बसा आणि त्याच दिवशी फ्री पिरियडला एकाच मुद्द्यावर बोला.

कामाची वाटणी हे तिसरं दुखणं. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 27 प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्यास शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. पण शाळेतल्या शाळेत यूडायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, गॅदरिंग, प्रश्नपत्रिका टाइप करणं हे सगळं 'कॉम्प्युटर येतो' त्याच्याच गळ्यात पडतं. दोन वर्षांत तोही 'येत नाही' म्हणायला शिकतो. यादी भिंतीवर लावा, आळीपाळीने नावं फिरवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकांना वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण सुचवलंय, आणि मुख्याध्यापकांनाही तेवढंच. ही दुसरी ओळ आपण सोयीस्करपणे विसरतो. एका प्रशिक्षणात मी अर्धा वेळ फोन बघत बसलो होतो. शेजारी आमच्याच शाळेतले नवे सर होते. जेवणानंतर बघतो तर त्यांचाही फोन बाहेर.