नॅनोमीटरचं भोक कसं पाडावं आणि कुठे थांबावं

डीएनएचा धागा ओवता येईल असं काही नॅनोमीटरचं (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) भोक पाडायचं, तर सोलापुरात एमएस्सी करणाऱ्या मुलांना मी हा खेळ आधी घरच्या ताटात करून बघायला सांगतो. ताटाला तेलाचा हात फिरवा, पाण्याचा पातळ थर पसरा आणि बोटाने मधोमध भोक पाडा. लहान भोक लगेच बुजतं, रुंद पाडलं तर आपोआप आणखी पसरतं. पृष्ठताणाचा हा खेळ नीट बघा, पुढे तोच कामी येणार आहे.

आता खरं काम. सिलिकॉन नायट्राइडचा साधारण २० नॅनोमीटर जाडीचा पडदा घ्या. आपल्या चादरीच्या सुतातला कापसाचा एक तंतू याच्या शेकडो पट जाड असतो! हा पडदा ३ मिलिमीटरच्या सिलिकॉन चकतीत खिडकीसारखा ताणलेला, तयार विकत मिळतो. चिमट्याने फक्त कड धरा.

चकती आधी ऑक्सिजन प्लाझ्मात (विजेने भारलेल्या ऑक्सिजन वायूत) स्वच्छ करा. कंटाळा करू नका, कारण तेलकट अंश राहिला तर इलेक्ट्रॉनांच्या शलाकेखाली (झोताखाली) कार्बन साचतो आणि भोक पडण्याऐवजी बुजतं.

मग पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक (नमुन्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत आरपार पाठवणारा), २०० किंवा ३०० किलोव्होल्टचा. चकती आत गेल्यावर ती सरकायची थांबेपर्यंत वाट पाहा. फोकस भोकाच्या जागेवर नाही, बाजूला जुळवा. मग शलाका काही नॅनोमीटरपर्यंत एकवटा. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने अणू उडतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात उजळ ठिपका दिसतो: भोक आरपार गेलं.

इथून पुढे खरी कारागिरी. शलाका पसरवून तीव्रता कमी करा. भोवतालचा पदार्थ हळूहळू वाहू लागतो. भोकाचा व्यास पडद्याच्या जाडीपेक्षा बराच कमी असेल तर ते आक्रसतं, जास्त असेल तर रुंदावतं. अगदी ताटातल्यासारखं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये सिलिकॉन ऑक्साइडमध्ये हे दाखवलं. डोळ्यांदेखत आकार बदलतो, म्हणून हवा तो व्यास येताच शलाका बंद करा. डीएनएची दुहेरी साखळी सुमारे २ नॅनोमीटर जाड, तेव्हा ५ नॅनोमीटरवर थांबणं मला सोयीचं वाटतं.

शेवटी तपासणी: छिद्र इथेनॉलने भिजवून दोन्ही बाजूंना पोटॅशियम क्लोराइड या क्षाराचं १ मोलर द्रावण भरा आणि १०० मिलिव्होल्टचा विद्युतदाब द्या. अशा छिद्रातून साधारण १ नॅनोअँपिअर प्रवाह यायला हवा. फारच कमी आला तर लगेच चकती टाकून देऊ नका. बरेचदा आत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. पुन्हा इथेनॉलने भिजवून मोजा.